नववीतली स्वयंसेवा मेडिकलच्या अर्जात लिहावी का?

अमेरिकेतल्या बहुतेक एम.डी. कॉलेजांचा अर्ज ‘अ‍ॅमकास’ या सामाईक पद्धतीने भरला जातो. अभ्यासाबाहेरच्या कामांसाठी त्यात जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात. एका नोंदीला ७०० अक्षरं, तीही मोकळ्या जागा धरून. त्यांतल्या तीन ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात आणि त्यांच्यासाठी प्रत्येकी आणखी १३२५ अक्षरं मिळतात. मे महिन्यात अर्ज खुला झाला की तिकडच्या मराठी घरांत जुन्या फायली निघतात: भरतनाट्यमचं आरंगेत्रम, स्पेलिंग बी, मंडळाच्या गणेशोत्सवातली स्वयंसेवा, नववीच्या सुट्टीत हॉस्पिटलमध्ये केलेलं काम. एवढं केलंय पोरीनं, मग सगळं लिहायलाच हवं, असं आई-बाबांना वाटतं.

हे वाटणं स्वाभाविक आहे. यांतले बरेच पालक मार्कांवर प्रवेश मिळण्याच्या काळात महाराष्ट्रात शिकले. आजही भारतात एमबीबीएसची जागा नीटच्या गुणांवर ठरते, नाच-गाणं आणि समाजसेवा तिथे कुणी विचारत नाही. अमेरिकेत मात्र या गोष्टी बघतात हे कळलं की जितकं जास्त तितकं चांगलं, असा समज होतो. गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. चार वर्षांपूर्वी कॉलेजसाठी ‘कॉमन अ‍ॅप’ भरलं, तेव्हा त्यातल्या १० उपक्रमांत नववी ते बारावीचीच कामं लिहायची होती. बारावीनंतर थेट डॉक्टरकीचा रस्ता देणाऱ्या कार्यक्रमांनाही, उदाहरणार्थ ब्राऊन विद्यापीठाच्या आठ वर्षांच्या पीएलएमईला, हायस्कूलमधलीच कामं दाखवावी लागतात. तोच अनुभव गाठीशी असल्यामुळे पालक तीच यादी पुन्हा काढतात.

पण आता अर्ज वाचणाऱ्या समितीसमोर वीस-एकवीस वर्षांचा माणूस असतो. घराबाहेर पडल्यावर, कुणी गाडीतून सोडायला नसताना, त्याने आपला वेळ कशाला दिला हे तिला बघायचं असतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: हायस्कूलमध्ये सुरू होऊन तिथेच संपलेलं काम वगळावं. अ‍ॅमकासमध्ये त्याला बंदी नाही, पण १५ रकाने भरलेच पाहिजेत असाही नियम नाही. नऊ-दहा भक्कम नोंदी पुरतात. त्यांच्या शेजारी दहावीतल्या दोन दिवसांच्या रक्तदान शिबिराची नोंद आली, तर कॉलेजातली वर्षं रिकामी गेली की काय, अशी शंका उगाच येते. टेक्सासमधल्या बहुतेक कॉलेजांचा अर्ज वेगळा असतो, आणि त्यात तर हायस्कूल संपल्यापासून आजवरचाच कालपट मागतात.

अपवाद आहे तो न तुटलेल्या धाग्याचा. समजा, एक मुलगा नववीपासून रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवतो आणि कॉलेज घराजवळच असल्यामुळे अजूनही जातो. रविवारचे दोन तास, वर्षाला साधारण ३० रविवार, म्हणजे ६० तास. सात वर्षांचे ४२० झाले, त्यांतले कॉलेजमधले १८०. सुरुवातीची तारीख खरी, नववीतलीच लिहावी. एकूण तास ४२० भरावेत आणि त्यांतले १८० कॉलेजच्या काळातले, हे मजकुरात सांगून टाकावं. मधे दोन वर्षं खंड पडला असेल, तर एकाच नोंदीत वेगवेगळे कालखंड भरण्याची सोय आहे, ती वापरावी.

खरी मेहनत त्या ७०० अक्षरांत आहे. ‘मी मुलांना मराठी शिकवलं, त्यातून नेतृत्व आणि संवादकौशल्य शिकलो’ हे वाक्य कुठल्याही मुलाच्या अर्जात खपेल. त्याऐवजी असं लिहिता येतं: सुरुवातीला मोठ्या शिक्षकांच्या हाताखाली बाराखडी गिरवून घ्यायचो. आता माझा स्वतःचा वर्ग आहे. घरी मराठी समजतं पण बोलायला लाजतात, अशा मुलांसाठी आजी-आजोबांशी फोनवर बोलण्याचे धडे तयार केले. यात जुनं काम पायरी म्हणून येतं आणि माणूस कुठून कुठे आला ते दिसतं. आरंगेत्रमचंही तसंच. तेराव्या वर्षी झालेला तो एक दिवस नोंद म्हणून टिकणार नाही. पण ती मुलगी कॉलेजच्या नृत्यगटात नाचत असेल किंवा धाकट्या मुलींना शिकवत असेल, तर त्या नोंदीत आरंगेत्रम एका वाक्यात दिमाखात बसेल.

रुग्णांशी संबंधित अनुभवाला मात्र ही सवलत लावू नका. हॉस्पिटलमधलं काम किंवा डॉक्टरांबरोबरचं शॅडोइंग चार-पाच वर्षांपूर्वीच थांबलं असेल, तर तास कितीही असोत, आज या मुलाला हा पेशा हवा आहे हे त्यातून कळत नाही. अर्ज वर्षभर पुढे ढकलून ताजा अनुभव घ्यावा लागला तरी चालेल. नोकरी करून तिशीच्या आसपास मेडिकलकडे वळणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी कॉलेजमधली दहा वर्षांपूर्वीची कामं जरूर लिहावीत, फक्त सोबत अलीकडचंही काही हवं.

बहुतेक नोंदींसोबत त्या त्या कामाची खात्री देऊ शकेल अशा व्यक्तीचं नाव आणि संपर्क मागतात. जुन्या कामांची अडचण इथे होते: शाळेचे संचालक बदललेले असतात, गुरू दुसऱ्या राज्यात गेलेले असतात. पालकांनी मदत करायचीच असेल तर इथे करावी. मार्च-एप्रिलमध्येच जुन्या ईमेल आणि फोटोंवरून तारखा लावून द्याव्यात, संबंधितांना फोन करून विचारावं. आठवत नसलेले तास गोल करून फुगवायला मुलांना सांगू नये. मुलाखतीत कुठल्याही नोंदीवर बोट ठेवून प्रश्न येऊ शकतो, आणि ज्या कामाबद्दल मुलाला पाच मिनिटं मनापासून बोलता येत नाही, ते काढायचं की ठेवायचं हे त्याचं त्याला ठरवू द्यावं.