छतावरच्या सौर पॅनेलचा हिशेब : गोंदियातल्या घराला खिशातून किती घालावे लागतात?

महिन्याला साधारण २२० युनिट वीज जाळणारे गोंदिया, तिरोडा किंवा आमगावचे मध्यमवर्गीय घर घ्या. अशा घराने छतावर २ किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली तर बाजारभावाने सव्वा ते दीड लाख रुपये लागतात. त्यातले ६० हजार केंद्र सरकार 'पीएम सूर्यघर' योजनेतून परत देते. उरलेली रक्कम वीजबिलाच्या बचतीतून सुमारे अडीच ते साडेतीन वर्षांत वसूल होते आणि पॅनेल त्यानंतरही वीसेक वर्षे चालते. व्यवहार फायद्याचाच आहे. फक्त त्यात दोन-तीन ठिकाणी ग्राहक हमखास फसतो, आणि फसल्यावर नुकसान हजारांत होते.

सबसिडीचे आकडे आधी पक्के लक्षात ठेवा. १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार. ५ किलोवॅट बसवले तरी ७८ हजारच. म्हणजे पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार मिळतात, तिसऱ्याला केवळ १८ हजार आणि चौथ्यापासून काहीच नाही. विक्रेता मात्र "साहेब, पूर्ण ७८ हजारांचा लाभ घ्या" म्हणून थेट ३ किलोवॅटच सुचवतो. तुमचे बिल २ किलोवॅटचे असेल तर तिसऱ्या किलोवॅटवर सबसिडी वजा जाऊन तीस-चाळीस हजार रुपये नाहक अडकतात. जास्तीची वीज महावितरणकडे जाते खरी. पण वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा भाव तुम्ही वीज घेता त्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो.

किती किलोवॅट घ्यायचे हे छत पाहून ठरवू नका, बिल पाहून ठरवा. गेल्या बारा महिन्यांची युनिटे बिलावर असतात. त्यांची बेरीज करून बाराने भागा. आपल्याकडे १ किलोवॅटमधून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टचे ढग धरून महिन्याला ११० युनिट समजा. नवतपात कूलर दिवसरात्र चालतात तेव्हा वापर वाढतो, दिवाळीनंतर तो निम्म्यावर येतो. नेट मीटरमुळे एका महिन्यातली शिल्लक युनिटे पुढच्या महिन्यांत वळती होतात, म्हणून मे महिन्याचे बिल समोर ठेवून यंत्रणा निवडण्याची गरज नाही. वार्षिक सरासरी पुरे.

बचतीचा आकडा कुठून येतो ते पाहू. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकारासह पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना ११ रुपये ४६ पैसे आणि ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे असा दर होता. वर १६ टक्के वीज शुल्क. या दराने २२० युनिटांचे सुमारे २,२७५ रुपये होतात, स्थिर आकार वेगळा. ९० युनिट वापरणाऱ्याचे होतात जेमतेम ६१५ रुपये. सौर यंत्रणा सर्वात आधी वाचवते ती महागड्या टप्प्यातली युनिटे. म्हणूनच शंभराच्या पुढे वीज जाळणाऱ्याला ती लवकर परवडते. स्थिर आकार मात्र दर महिन्याला भरावाच लागतो. 'मोफत वीज' ऐकून शून्य रुपयांच्या बिलाची वाट पाहू नका.

शंभर युनिटांच्या आतल्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' ही जोडयोजना आणली, आणि माझ्या मते आपल्या जिल्ह्यासाठी सर्वात मोलाची हीच आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या गावांत दोन दिवे, पंखा आणि टीव्ही एवढ्यावर भागवणारी कितीतरी घरे आहेत. १ किलोवॅटचा खर्च ५० हजार धरून केंद्राचे ३० हजार आणि त्यावर राज्याचा वाटा : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५ हजार, इतरांना १० हजार. खिशातून जातात अनुक्रमे २,५००, ५ हजार आणि १० हजार रुपये. लाभार्थींची संख्या राज्यभरात ५ लाखांवर बांधलेली आहे, त्यामुळे पात्र असाल तर अर्ज लांबवू नका. तुमच्या शेजारी असे घर असेल तर त्यांना ही माहिती जरूर द्या. ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापर्यंत ती सर्वात उशिरा पोहोचते.

आता छत. स्लॅबवर काम सोपे. प्रत्येक किलोवॅटला शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. कवेलूच्या छपरावर पॅनेल बसवण्याचा आग्रह कुणी धरला तर स्पष्ट नकार द्या. पॅनेल आणि सांगाड्याचे वजन, शिवाय वादळात खालून शिरणारा वारा जुन्या लाकडी वाशांना झेपत नाही. टिनाच्या छताखाली लोखंडी कैची असेल तर ती आधी तपासून घ्या. छतापासून सहा-आठ फूट उंच सांगाडा हवा असेल तर त्याचे पैसे बहुधा वेगळे लावतात, ते कोटेशनमध्येच लिहून घ्या. अर्थिंग आणि वीजरोधक यांत कंजूषी नको, पावसाळ्यात आपल्या भागात विजा कशा पडतात हे सांगायला नको. राइस मिलजवळ घर असेल तर कोंड्याची धूळ आणि राख पॅनेलवर बसते आणि उत्पादन घटते. तिथे आठवड्याला एकदा, सकाळी काच तापायच्या आत, साध्या पाण्याने धुवावे लागते. त्यासाठी छतावर नळ आणि जायला जिना हवा.

कोटेशन हातात आले की तीन गोष्टी शोधा. पहिली, पॅनेल 'डीसीआर' आहे का, म्हणजे त्यातले सेलही भारतात बनलेले आहेत का. स्वस्त पॅनेल बसवले आणि ते डीसीआर नसले तर सबसिडी गेलीच. दुसरी, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. संपूर्ण कामाच्या ठेक्यावर तो १३.८ ऐवजी ८.९ टक्के पडतो. जुना दर लावलेला दिसला तर विचारा. तिसरी, पाच वर्षांची देखभाल. ती विक्रेत्यावर योजनेनेच बंधनकारक आहे, तिचे वेगळे पैसे देऊ नका.

वीज गेली की साधी ऑनग्रिड यंत्रणाही बंद पडते, भर उन्हातही. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ती तशी बनवलेली असते. गावात लाइट वारंवार जात असेल आणि त्याच कारणाने तुम्ही सौरकडे वळत असाल, तर बॅटरीसह हायब्रिड यंत्रणा लागेल. बॅटरीचा खर्च पूर्ण तुमचा, तिला सबसिडी नाही.

हाच नियम पाणी तापवण्याच्या साधनांना. विदर्भातले थंडीचे नीचांकी तापमान बरेचदा गोंदियात नोंदले जाते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत गिझरचे बिल जाणवते. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप गिझरच्या साधारण एक-तृतीयांश विजेत काम करतो, पण किंमत गिझरच्या कितीतरी पट. सूर्यघरचे पैसे पॅनेलच्या यंत्रणेला मिळतात. गिझर, हीट पंप यांना नाही. लॉज, वसतिगृह, दवाखाना अशा रोज भरपूर गरम पाणी लागणाऱ्या ठिकाणी हीट पंपाचा विचार करावा. चार माणसांच्या घराने तो पैसा आधी छतावर घालावा.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर किंवा मोबाइल ॲपवर होतो. बारा अंकी ग्राहक क्रमांक, ताजे बिल, आधार आणि बँक खाते एवढे लागते. खरी अडचण वेगळीच असते : मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर. अर्जदार, वीजजोडणी आणि बँक खाते यांतली नावे जुळली नाहीत तर सबसिडी अडकते. म्हणून आधी ग्रामपंचायतीचा नमुना आठ किंवा नगर परिषदेची घरटॅक्स पावती घेऊन महावितरणमध्ये नाव बदलून घ्या. अर्ज त्यानंतर. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक पडताळणीची अट नाही, त्यामुळे पुढचे काम फारसे रेंगाळत नाही.

सबसिडी शेवटी येते हे ध्यानात ठेवून पैशांची सोय करा. पॅनेल बसून, नेट मीटर लागून, महावितरणची तपासणी झाल्यावर साधारण महिनाभरात रक्कम थेट तुमच्या खात्यात जमा होते. तोवर पूर्ण खर्च तुम्हालाच पेलायचा. सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांचे कर्ज तारणाशिवाय देतात आणि त्याचा व्याजदर वैयक्तिक कर्जापेक्षा बराच कमी असतो. "सबसिडी आम्ही आमच्या खात्यात घेतो, तुम्ही फक्त उरलेले द्या" असे म्हणणाऱ्याशी व्यवहार करू नका. करारात हप्ते लिहून घ्या : थोडी आगाऊ रक्कम, मोठा हप्ता सामान घरी उतरल्यावर पॅनेलचे क्रमांक जुळवून, आणि निदान दहा टक्के नेट मीटर फिरू लागल्यावर. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. अखेरच्या महिन्यांत गर्दी उसळते आणि कामे लांबतात. धानाची मळणी आटोपून चुकाऱ्याचे पैसे हाती आले की लगेच काम काढा; उन्हाळ्याचे कूलर सुरू होण्याआधी मीटर लागलेले असेल.