मदत घेऊनही स्वतंत्र



पावसाळा आला की आमच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर मुंबई-पुण्याची गर्दी लोटते. रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले हे धरण आज पर्यटनस्थळ झाले आहे. परंतु हाकेच्या अंतरावर राहूनही त्या पायऱ्यांपर्यंत कधीच न पोहोचलेली माणसे असतात. ती वयाने प्रौढ असतात. पण घरात त्यांना लहान मुलासारखे वागविले जाते. त्यांनी काय खावे, केव्हा झोपावे, कोणाला भेटावे हे दुसरेच ठरवितात. तीव्र अपंगत्व असलेल्या अशा माणसांना स्वतंत्रपणे जगता येईल काय, हा या लेखाचा विषय आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो तो एका प्रसंगामुळे. आम्ही बँकेत कारकून आहोत. एके दिवशी चाळिशीच्या एका गृहस्थांना खुर्चीसकट उचलून काउंटरपाशी आणले गेले. त्यांचे हातपाय चालत नव्हते. स्लिप भरताना आम्ही सवयीने त्यांच्या भावास विचारले, "किती काढायचे?" तेव्हा ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "साहेब, खाते माझे आहे. मला विचारा." आमची मान खाली गेली. हात चालत नाहीत म्हणजे मतही नाही, असे आम्ही न बोलता ठरवून टाकले होते.

येथे 'स्वावलंबन' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. स्वावलंबन म्हणजे सर्व कामे स्वतःच्या हातांनी करणे, असे आपण शाळेत शिकलो. परंतु त्या अर्थाने आपल्यापैकी कोणीच स्वावलंबी नाही. आपले धान्य शेतकरी पिकवितो, आपली लोकल मोटरमन चालवितो. तरीही आपण स्वतंत्र आहोत, कारण कोठे जायचे ते आपण ठरवितो. अपंग व्यक्तीलाही हाच नियम लावला पाहिजे. काम कोण करतो यापेक्षा निर्णय कोण घेतो, हे महत्त्वाचे होय.

याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. लोणावळ्याहून लोकलने खडकीला उतरले की तेथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी ते 1974 साली सुरू झाले. हे जवान तेथे एकत्र राहतात, काम शिकतात, चाकाच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात. हात निकामी झालेल्यांपैकी काहींनी तोंडात कुंचला धरून चित्रे काढली आहेत.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. नसीमा हुरजूक यांना तरुणपणीच कमरेखाली पक्षाघात झाला. स्वतः अपंग असूनही उमेदीने जगणारे बाबूकाका दिवाण त्यांना भेटले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. त्यांनी सरकारी नोकरी केली आणि 1984 साली सहकाऱ्यांसह 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. संस्थेने 'घरौंदा' हे वसतिगृह बांधले आणि सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी' येथे काजूप्रक्रियेचा उद्योग काढला. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. अपंगांसाठीचे काम अपंग व्यक्तीनेच पुढे होऊन केले, हा यातील मोठा धडा आहे.

परदेशातही हीच वाट दिसते. अमेरिकेत एड रॉबर्ट्स हा तरुण पोलिओने मानेखाली लुळा झाला होता आणि श्वासासाठी त्याला लोखंडी यंत्रात झोपावे लागे. 1962 साली तो बर्कले येथील विद्यापीठात दाखल झाला. राहण्यास सोयीची जागा नसल्याने त्याला विद्यापीठाच्या इस्पितळात खोली मिळाली. मागोमाग तसेच आणखी विद्यार्थी आले. आपले मदतनीस ते स्वतः निवडू लागले. त्यातून 1972 साली स्वतंत्र जीवन केंद्राची स्थापना झाली. मदतनीस तोच, काम तेच. परंतु त्याला कामावर ठेवण्याचा अधिकार हाती आला आणि रुग्णाचा नागरिक झाला.

आपल्या परंपरेलाही हा विचार परका नाही. विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने तो आपल्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतः त्याला अंघोळ घातली, उचलून मंचकावर निजविले आणि संघाला समज दिली की, घरदार सोडून आलेल्या तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? तेथेच चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत. त्याने किळस करू नये, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. तसेच रुग्णाने आपली अवस्था खरी खरी सांगावी, असेही म्हटले आहे. म्हणजे ज्याची सेवा होते, त्यालाही बोलण्याचे स्थान आहे. आपल्या शेजारच्या भाजे-कार्ल्याच्या लेण्यांतील दगडी खोल्या अशाच सहनिवासासाठी कोरल्या गेल्या, आणि कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आजही वाचता येतात. सहनिवास अनेकांच्या वाट्यातून उभा राहतो, हे तेथे दगडात लिहिलेले आहे.

आता कायदा पाहू. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या राज्यघटनेत कलम 41 मध्ये अपंगत्वाच्या काळी शासकीय साहाय्याचे तत्त्व आले. 1995 साली अपंगांसाठी स्वतंत्र कायदा झाला. 2007 साली भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार मान्य केला. त्यानुसार 2016 चा कायदा आला. त्याच्या कलम 5 ने समाजात राहण्याचा हक्क दिला. अमुकच ठिकाणी राहा, अशी सक्ती करता येत नाही. कलम 13 ने आपला आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क दिला.

बँकेचा नियम तर सर्वांनी पाठ करावा असा आहे. सही येत नसेल तर अंगठा, हाताचा अंगठा शक्य नसेल तर पायाचा अंगठा चालतो. तोही शक्य नसेल तर खातेदाराने केलेली खूण चालते. त्यासाठी दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पैसे कोणाच्या हाती द्यायचे, हे खातेदाराने सांगावयाचे. 2017 साली रिझर्व्ह बँकेने अपंग खातेदारांना घरपोच सेवा देण्याच्याही सूचना केल्या.

मग अडते कोठे? आमच्या मते ते आपल्या उंबरठ्यावर अडते. 'अपंग' शब्द जाऊन 'दिव्यांग' आला. पायऱ्या मात्र तशाच राहिल्या. आपल्या संस्थेच्या सभागृहालाही तीन पायऱ्या आहेत. प्रत्येकी अर्धा फूट धरली तर उंची दीड फूट होते. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, या प्रमाणाने अठरा फुटांचा उतार लागेल. एवढी जागा अंगणात आहे. पुढील वर्षीच्या जमाखर्चात त्यासाठी तरतूद व्हावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

विद्यार्थ्यांनी तीन प्रश्नांवर विचार करावा. आपल्या आळीत अशी प्रौढ व्यक्ती आहे काय? तिचे खाते तिच्या नावावर आहे काय? आणि तिला काय हवे, हे आपण शेवटचे केव्हा विचारले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हांस नोकरीची कित्येक वर्षे लागली. तुम्हांला तेवढा उशीर होऊ नये.