रंग नुसते फेकले की चित्र होतं का?

"हे तर माझा लहान भाऊसुद्धा काढेल!" अमूर्त चित्र समोर आलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. नुसते शिंतोडे, ओघळ आणि रेघांचा गुंता. ना झाड, ना माणूस, ना मावळणारा सूर्य. मग यात राग कुठे शोधायचा आणि दुःख कुठे? मला याचं निम्मं उत्तर चक्क आपल्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये सापडलं, म्हणून हा लेखप्रपंच!

उदाहरण घेऊ जॅक्सन पोलॉकचं. जन्म १९१२, अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातला. १९४५ मध्ये चित्रकार ली क्रास्नरशी लग्न झाल्यावर दोघं न्यूयॉर्क शहर सोडून लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज या गावी राहायला गेली. तिथल्या एका कोठारात पोलॉकने १९४७ ते १९५० या काळात त्याची सर्वांत गाजलेली चित्रं केली. पद्धत अशी : ईझल बाद. कॅनव्हास सतरंजीसारखा जमिनीवर अंथरायचा, त्याच्याभोवती फिरायचं आणि घराला लावतात तो एनॅमल रंग काठीने किंवा कडक झालेल्या ब्रशने वरून सोडायचा. ब्रश कॅनव्हासला टेकवायचाच नाही. त्याचं 'वन : नंबर ३१, १९५०' हे चित्र सुमारे २.७ मीटर उंच आणि ५.३ मीटर रुंद आहे. होस्टेलच्या खोलीत ते उभंसुद्धा करता येणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? ड्रॉइंग शीटवर काम करताना आपली बोटं आणि मनगट तेवढं हलतं. राग आला की मात्र सगळं अंग हलतं. आपण हात झटकतो, येरझाऱ्या घालतो. कॅनव्हास जमिनीवर आला की खांदा, कंबर, पाय सगळे चित्रात उतरतात. भूकंपमापकाची सुई जशी जमिनीचा हादरा कागदावर नोंदवते, तशी रंगाची रेघ अंगाची हालचाल नोंदवते. रागावलेला चेहरा काढायची गरजच उरत नाही. हात कुठे वेगात गेला, कुठे रेंगाळला, कुठे एकदम थांबला, हे रेघ स्वतःच सांगते.

आता आपला विषय. काकवी वाटीत ओतताना नीट बघा. धार खाली पोचली की वेटोळी घालते. घट्ट द्रवाचा हा स्वभावच आहे. मग पोलॉकच्या बहुतेक रेघा सलग कशा? २०१९ मध्ये रॉबर्टो झेनित आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. पोलॉक काम करत असतानाची जुनी फिल्म पाहून त्यांनी हाताचा वेग आणि उंची काढली आणि लॅबमध्ये तसाच प्रयोग केला. निष्कर्ष असा की हाताचा वेग, उंची आणि रंगाची व्हिस्कॉसिटी यांचा मेळ तो असा ठेवायचा की धार वेटोळी घालणारच नाही. कॅलक्युलेटर न वापरता, सरावाने!

रांगोळी काढणाऱ्या आपल्या आईचा हात आठवा. चिमूट किती उंच, हात किती भरभर, हे ती कधी मोजत नाही, तरी रेघ तुटत नाही. पोलॉकनेही १९४७ मध्ये लिहिलं होतं की त्याची पद्धत अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मूळ रहिवाशांच्या वाळूचित्रांच्या जवळची आहे. म्हणजे उत्स्फूर्तपणाला सरावाचं वावडं नाही. हाताला रंगाची सवय झालेली असली की डोकं मोकळं राहतं, आणि मगच मनातलं बाहेर यायला वाट मिळते.

करून बघायचं असेल तर : जुन्या शीट्सची मागची बाजू जोडून मोठा कागद करा. पोस्टर कलरमध्ये थोडं पाणी आणि थोडा फेव्हिकॉल मिसळा. आधी रद्दीवर धार जमवा. तुटत असेल तर रंग घट्ट करा, वेटोळी पडत असतील तर हात भरभर चालवा. रंग दोनच घ्या. मग उभं राहून, खांद्यापासून हात हलवा. मध्येच मासा किंवा ढग दिसायला लागला तर त्याच्या मागे लागू नका. वाळल्यावर मागे तारीख टाका. काही महिन्यांनी पाहिलं की तो दिवस अंगात आठवतो. (गच्चीवर करणार असाल तर खाली वर्तमानपत्रं अंथरा, नाहीतर रेक्टर सर आपल्यालाच रंगवतील!)

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पोलॉकला दारूचं व्यसन होतं. साधारण दोन वर्षं तो त्यापासून दूर राहिला आणि त्याच काळात त्याची मोठी चित्रं झाली. १९५० च्या अखेरीस तो पुन्हा प्यायला लागला. ११ ऑगस्ट १९५६ रोजी दारू पिऊन गाडी चालवताना अपघात झाला आणि वयाच्या ४४ व्या वर्षी तो गेला. गाडीतली एक तरुणीही गेली. इतकी ताकद असलेल्या चित्रांनाही त्याला सावरता आलं नाही.

म्हणून मित्रांनो, रिझल्टच्या दिवशी किंवा घरच्या एखाद्या फोननंतर मन उकळत असेल, तर कागद जरूर अंथरा. ती संध्याकाळ निभते. पण रोजच रात्र जड जात असेल, तर रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि शेजारच्या खोलीचं दार वाजवा. अकराच्या पुढे आपल्या विंगमध्ये तसंही कोण झोपलेलं असतं?