मालमोटारीचे ‘पासिंग’ : हौदा किती भरावा आणि मागे काय जोडावे

तराजूच्या बाबतीत आम्हां व्यापाऱ्यांस कोणी शिकवावे लागत नाही. मापात छटाकभर फरक पडला तरी तो आमच्या दृष्टीस येतो. परंतु तोच माल दुकानाच्या पायरीवरून उतरून छोट्या मालमोटारीच्या हौद्यात चढू लागला, की हा काटेकोरपणा कोठे तरी मागे राहतो आणि ‘अजून चार पोती बसतील’ हा एकच हिशेब उरतो. 2005 साली टाटा एस बाजारात आली, त्यानंतर लहान मालगाड्या आणि पिकअप यांचा प्रसार इतका झाला की आज बहुतेक पेढ्यांच्या दारात एक तरी उभी दिसते. म्हणून या गाड्यांच्या भारमर्यादेचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ. गाडीच्या नोंदणीपत्रावर, म्हणजे आर. सी. वर, दोन वजने दिलेली असतात : एक रिकाम्या गाडीचे आणि दुसरे मालासह एकूण अनुमत वजन. या दोहोंतील अंतर म्हणजे ज्यास बाजारात ‘पासिंग’ म्हणतात ते. येथपर्यंत सर्वांस ठाऊक असते. परंतु 1988 च्या मोटार वाहन कायद्यात रिकाम्या वजनाची जी व्याख्या आहे, तीत चालक व त्याचा मदतनीस यांचे वजन धरलेले नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. म्हणजे माणसांचे वजनही त्या अंतरातूनच वजा झाले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत. एकूण अनुमत वजन 2,950 किलो, रिकामे वजन 1,700 किलो. अंतर 1,250 किलो. व्यापारी म्हणतो, पन्नास किलोची पंचवीस पोती. आता चालक आणि शेजारी बसलेले दोघे मिळून 200 किलो वजा करा. उरले 1,050, म्हणजे एकवीस पोती. गाडी घेतल्यावर हौद्याभोवती लोखंडी सांगाडा जोडला असेल, वर ताडपत्री, दोरखंड, जादा चाक असेल, तर आणखी शंभर किलो सहज जातात. राहिली एकोणीस पोती. पंचविसांची एकोणीस झाली, आणि यात कोणीही कोणास फसविलेले नाही!

डोळ्यांवर विश्वास ठेवणे हा दुसरा घोटाळा. नऊ फूट लांब व साडेपाच फूट रुंद हौद्यात सिमेंटची एकोणीस पोती आडवी मांडली तर जेमतेम एक थर होतो. गाडी रिकामीच दिसते आणि हमालास वाटते, मालकाने भाडे फुकट घालविले. उलट मिरचीची किंवा कापसाची गाडी टपापर्यंत भरली तरी पासिंगच्या आत राहू शकते. मिरचीचा व्यापार करणाऱ्याने लोखंडाच्या व्यापाऱ्यास गाडी उसनी दिली की सवयीमुळेच घोटाळा होतो, तो असा.

भार किती, याइतकेच तो कोठे, यालाही महत्त्व आहे. दोन आसांमध्ये तीन मीटर अंतर असलेल्या गाडीत 400 किलोचे यंत्र मागच्या आसाच्याही एक मीटर मागे ठेवले, तर तरफेच्या न्यायाने मागील आसावर 400 नव्हे, तर सुमारे 533 किलो भार वाढतो आणि पुढील आसावरून 133 किलो कमी होतो. पुढची चाके हलकी झाली की वळणावर गाडी सुकाणूचे ऐकत नाही. जड माल पुढे, केबिनच्या भिंतीलगत आणि खाली ठेवावा. टायरच्या बाजूवर कोरलेला अंकही वाचावा. तेथे 100 हा भारांक असेल तर तो टायर योग्य हवेच्या दाबात 800 किलो भार सोसतो. हवा कमी असेल तर तेवढा सोसत नाही व तापतो.

आता घाटाचे पाहू. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. चोर्ला घाटातून साखळीकडे उतरणारी गाडी ती बहुतेक सारी उंची खाली सोडते. तीन टनांची गाडी शंभर मीटर उतरताना जी शक्ती मोकळी होते, तिने आठ-नऊ लिटर थंड पाण्यास उकळी येईल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर या उष्णतेचा बराच वाटा इंजिन घेते; नसेल तर जवळजवळ सगळी ब्रेकांत जाते. ब्रेक अनुमत वजनाच्या हिशेबाने बनविलेले असतात. पाचशे किलो जास्त भरणाऱ्याने ही जादा आग चालकाच्या पायाखाली भरलेली असते, आणि चालक बहुधा मालकाचा मुलगा नसतो.

कायदाही याबाबत मालकास सोडत नाही. चालक मालक नसेल तर जादा भार मालकाच्या माहितीने किंवा हुकुमाने भरला, असे न्यायालयास गृहीत धरता येते. 1 सप्टेंबर 2019 पासून कायद्यातील दंड 20,000 रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये असा आहे. जादा माल उतरविण्याचा खर्च निराळा, आणि तो उतरविल्यावाचून गाडी हलविता येत नाही. वजन करून देण्याचे नाकारून निघून गेल्यास 40,000. सहा पोत्यांचे वाचलेले भाडे यासमोर मांडून पाहावे.

मागे ट्रेलर जोडण्याविषयी थोडेच सांगतो, कारण आपल्याकडे पिकअपला जनरेटरची गाडी जोडणे यापलीकडे प्रसंग क्वचित येतो. ट्रेलर हेही कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. त्याची निराळी नोंदणी लागते. त्याच्या वजनाचा काही भाग जोडकड्यावर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीवरच येतो. एका आसाच्या ट्रेलरची मांडणी नीट असेल तर हा भाग सामान्यतः दहा ते पंधरा टक्के असतो. 1,000 किलोच्या ट्रेलरचे शंभर-दीडशे किलो आपल्या पासिंगमधून वजा करावेत. हा भाग फार कमी ठेवला तर ट्रेलर मागे साप वळवळावा तसा झुलू लागतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलांनी जाहिरातीतील ओढशक्तीचा मोठा आकडा पाहून गाडी घेतली असेल, तर त्यांनी चालकाच्या दारालगतच्या खांबावरील पट्टी वाचावी. माणसे व माल मिळून किती वजन चालेल, हे तेथे लिहिलेले असते, आणि बहुधा ओढशक्तीच्या आधी हीच मर्यादा संपते. आपल्याकडील गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याचा आकडाच दिलेला नसेल, तर त्या गाडीस काहीही जोडू नये.

वजनकाट्यावर आधी रिकामी गाडी, सांगाडा व ताडपत्रीसह, एकदा तोलून घ्यावी आणि ती चिठ्ठी आर. सी. बरोबर ठेवावी. नंतर नेहमीचा माल भरून, प्रथम फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन व मग सबंध गाडी चढवून, अशी दोन वजने घ्यावीत. दोहोंतील फरक मागील आसावरचा भार होय.