देखण्या खारी आणि न दिसणारे रोग



पाड्यांवर काम करताना मुलांनी पाळलेले खारीचे पिल्लू अनेकदा माझ्या पाहण्यात येते. आपली पट्टेरी खार इथलीच आहे, तिचे भय बाळगण्याचे कारण नाही. पण माणसाने खारी परमुलखात नेल्या तेव्हा काय घडले, ते या पाठात पाहू.

१) इंग्लंड : १८७६ साली चेशायर परगण्यात उत्तर अमेरिकेतील करड्या खारी शोभेसाठी सोडण्यात आल्या. त्या खारींना होणाऱ्या देवीसारख्या एका रोगाच्या वाहक आहेत. त्या स्वतः सहसा आजारी पडत नाहीत. मात्र तिथल्या मूळच्या तांबड्या खारींच्या डोळ्यांभोवती व तोंडावर फोड येतात, खाणे सुटते आणि बहुतेक जणी काही आठवड्यांत मरतात.

२) फ्रान्स : पॅरिसजवळच्या सेनार जंगलात लोकांनी पाळलेल्या सायबेरियन खारी सोडून दिल्या. त्यांच्या अंगावर गोचिडी फार पोसतात. याच गोचिडींतून माणसाला लाइम रोग होतो. गोचीड चावल्याने काय ओढवते, हे आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्गकरांनी माकडतापात सोसले आहे.

३) जर्मनी : २०११ ते २०१३ या काळात मध्य अमेरिकेतील रंगीत खारी पाळणारे तिघे जण मेंदूच्या सुजेने दगावले. शोध घेता त्यांच्या मेंदूत आणि एका खारीतही एकच नवा विषाणू सापडला.

यातून काय शिकायचे? रोग वाहणारा प्राणी धडधाकट दिसू शकतो. शिवाय दोष त्या मुक्या जिवाचा नाही. त्याला उचलून नेणाऱ्याने त्याच्यासोबत रोगही नेला.

म्हणून घरी व पाड्यावर एवढे सांगा :

• रानातले पिल्लू घरी आणू नका. विकत घेतलेला परदेशी प्राणी कधीही रानात सोडू नका.
• मेलेल्या प्राण्याला उघड्या हाताने शिवू नका.
• चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.
• सरपण, काजू गोळा करून आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते पाहा. ताप आल्यास रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शेवटची गोष्ट मी प्रत्येक आरोग्यवर्गात दोनदा सांगते, कारण त्या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकते.