आधी कीर्द वाच

चि. भाचीस,


बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातल्या तुझ्या आयआयटीत ‘परम शिवाय’ हा महासंगणक आहे. पुण्याच्या सी-डॅकने उभारलेला, १९ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झालेला. महाराष्ट्रातून काशीला आलेल्या पाहुण्यांना तू तो कौतुकानं दाखवशील. पण तुझ्या प्रोजेक्टचा डेटा ज्या फायलींच्या जिवावर वाचतो, त्या बघायला कुणी जात नाही. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे.

पोस्टग्रेस डेटाबेस कोणताही बदल आधी पीजी-वॉल या फोल्डरमधल्या फायलींत टिपतो. तक्त्यांची पानं डिस्कवर मागाहून जातात. दुकानात आधी कीर्द लिहितात, मग खतावणी, तसंच. वीज गेली तरी शेवटच्या चेकपॉइंटपासूनच्या, म्हणजे बदललेली सगळी पानं शेवटची डिस्कवर गेली तेव्हापासूनच्या, नोंदी पुन्हा लावून हिशेब जुळतो. या विचाराची सर्वांत गाजलेली मांडणी मद्रास आयआयटीत शिकलेले, तेव्हा आयबीएममध्ये असलेले सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या ‘एरीज’ शोधनिबंधात केली.

पीजी-वॉल हे फोल्डर २०१७ पर्यंत पीजी-एक्सलॉग या नावानं असायचं. नावात ‘लॉग’ दिसला की डिस्क भरल्यावर लोक ते खुशाल पुसायचे आणि डेटाबेसला मुकायचे. अखेर दहाव्या आवृत्तीत नाव बदलावं लागलं.

आता समज, घाईत कुणीतरी अटच न घालता डिलीट चालवलं आणि ते कमिटही झालं. अशा वेळी पहिलं काम म्हणजे ॲप थांबवणं आणि डेटा-फोल्डरची प्रत काढून ठेवणं, कारण चेकपॉइंटनंतर जुन्या फायली पुन्हा वापरल्या जातात. मग पीजी-वॉलडम्प चालव. पीजी-वॉलमधली एरवी १६ मेगाबाइटची फाइल एडिटरमध्ये उघडली तर काहीच कळत नाही. हे साधन तिच्यातली एकेक नोंद एका ओळीत मांडतं आणि फाइलला धक्का लावत नाही. फक्त ते सर्व्हरच्याच आवृत्तीचं हवं.

आधी ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे व्यवहारांच्या, नोंदी तेवढ्या गाळून घे. कमिटच्या ओळीत वेळ असते, त्यावरून व्यवहाराचा क्रमांक सापडतो. तो ‘एक्स’ पर्यायाला दिला की ‘हीप’, ‘डिलीट’ अशा ओळींची रांग लागते. त्यांत १६६३/१६३८४/१६४०२ असे तीन आकडे दिसतील: टेबलस्पेस, डेटाबेस आणि तक्त्याच्या फाइलचा क्रमांक. तक्ता कोणता, हे पीजी-फाइलनोड-रिलेशन हे फंक्शन सांगतं.

पुसलेला मजकूर मात्र डिलीटच्या नोंदीत सहसा नसतो, फक्त त्याची जागा असते. त्यासाठी आधीचा बेस बॅकअप, म्हणजे सगळ्या डेटा-फोल्डरची जुनी प्रत, आणि तिथपासूनच्या साऱ्या वॉल फायली लागतात. रिकव्हरीचं लक्ष्य म्हणून तो व्यवहार क्रमांक देताना ‘इन्क्लुझिव्ह’ बंद कर. ते मुळात चालू असतं. तसंच राहिलं तर नको असलेलं डिलीटही पुन्हा लागू होतं. पीजी-रिसेटवॉल या आज्ञेला तर हातच लावू नकोस. ती कीर्दच टाकून देते.

पण हे सारं बॅकअप हाताशी असेल तरच. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत मुख्य डेटाबेसचं फोल्डरच चुकून पुसलं गेलं. नेहमीचे बॅकअप निकामी निघाले आणि सुमारे सहा तासांपूर्वीच्या एका प्रतीवर भागवावं लागलं. म्हणून वॉल फायलींची प्रत दुसऱ्या मशीनवर जायलाच हवी.

या सुट्टीत लॅपटॉपवर एक कोरा डेटाबेस उभा कर, त्यात चार ओळी घाल, त्या पूस आणि पीजी-वॉलडम्पमधून ते पुसणं शोधून काढ. सापडलेली नोंद मामाला पाठव.

तुझा मामा