फ्री डिशची छत्री आग्नेयेलाच का? उपग्रह रेडिओ समजून घेताना



आपल्या जालना जिल्ह्यात कुठल्याही गावात बघा, डीडी फ्री डिशची छत्री पत्र्यावर असो की स्लॅबवर, तोंड आग्नेयेकडेच. मुलांना आधी हे बघून यायला सांगा. मग वर्गात विचारा, उपग्रह फिरतो ना, मग छत्री का फिरत नाही?

याचं उत्तर मैदानावर मिळतं. एका मुलाला मधोमध सावकाश गिरकी घ्यायला लावा, ती पृथ्वी. दुसऱ्याने लांबून त्याच्याभोवती असं चालायचं की कायम पहिल्याच्या नाकासमोर राहायचं. दोघंही फिरतात, पण पहिल्याला समोरचा हललेला दिसतच नाही. विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किमीवर उपग्रहाची फेरी पृथ्वीच्या एका गिरकीइतक्याच वेळात होते, म्हणून तो एकाच जागी दिसतो. फ्री डिशचा जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर, जालना साधारण 76 वर. म्हणजे तो आपल्या दक्षिणेलाही आणि पूर्वेलाही. झाली की आग्नेय! (हे नकाशावर मुलांनाच शोधू द्या, आपण सांगून टाकू नका.)

आता रेडिओ. एफएमच्या लहरी जवळपास सरळ जातात आणि पृथ्वी गोल. म्हणून मनोऱ्यापासून लांब, परतूर-मंठ्याकडे जावं तसं संभाजीनगर केंद्र खरखरतं. उपग्रह म्हणजे आभाळातलाच मनोरा, त्याला मुंबई आणि मंठा सारखेच. आवाजाचे आकडे करून ते जमिनीवरून वर पाठवतात, उपग्रह त्यांची ताकद वाढवून खाली सोडतो. जाऊन-येऊन पाव सेकंद! फ्री डिशवर आकाशवाणीच्या वाहिन्याही येतात, पण रिमोटवरचं रेडिओचं बटण बऱ्याच घरांत कुणी दाबलेलंच नसतं. नेटची रेंज नसलेल्या वस्तीवरही पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या येतात त्या याच उपग्रहावरून.

खास रेडिओसाठीचा उपग्रहही होता. वर्ल्डस्पेस कंपनीचा एशियास्टार, 2000 साली सोडलेला. त्याला मोठी छत्री लागत नसे, खिडकीतून आभाळ दिसेल अशी छोटी अँटेना पुरे. ‘गांधर्व’ वाहिनीवर शास्त्रीय संगीत लागायचं. पण वेगळा रेडिओ घ्या, वर वर्गणी भरा, आणि इकडे एफएम फुकट! माझ्या मते तिथेच गणित चुकलं. 31 डिसेंबर 2009 ला भारतातली सेवा बंद झाली.

मुलं अजून एक हमखास विचारतील, जोराच्या पावसात टीव्ही का जातो? छत्रीकडे येणाऱ्या लहरी फार आखूड असतात, पावसाचे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. छत्रीसमोर लिंबाची फांदी वाढली तरी तेच होतं. तेव्हा मेकॅनिकला फोन करण्याआधी फांदी बघा.